हॅवलॉकच्या हॉस्टेलवर मासे खाण्याआधी हे वाचा

अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, कमी खर्चात जाणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. हॉस्टेलचं नाव देत नाही, पण पद्धत नीट समजून घ्या.

मी आणि माझा धाकटा भाऊ तीन रात्रींसाठी गेलो होतो. फोनवर बोलताना ‘नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून’ असं सांगून माणशी ९०० रुपये जास्तीचे आगाऊ घेतले. तिथे पोहोचल्यावर कळलं, नाश्ता म्हणजे दोन टोस्ट आणि चहा, जेवण म्हणजे भात, पातळ डाळ, बटाटा. मासे हवे असतील तर वेगळे पैसे. बाहेरचं खाणं आत आणायचं नाही. ‘अंधार पडल्यावर जवळपास काहीच मिळत नाही, रिक्षाही नसते,’ हे काउंटरवरच्या मुलाने इतक्या आपुलकीने सांगितलं की आम्ही विश्वास ठेवला.

शेवटच्या रात्री बर्फावर मासे मांडले होते. आम्ही रत्नागिरीचे; तांबोशी पाहिली आणि राहवलं नाही. पाटीवर ‘रेड स्नॅपर’, म्हणजे तांबोशीच, ‘१८०’ असं लिहिलं होतं. एका तुकडीचा भाव असेल असं वाटलं. तो १०० ग्रॅमचा होता, आणि ते पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं. मासा डोकं, कल्ले, आतड्यांसकट वजन केला: १ किलो ६०० ग्रॅम. ताटात आल्या चार तुकड्या. डोकं कुठे आहे विचारलं तर ‘साफ करताना गेलं.’ आमचाच मासा आला होता की दुसराच, देव जाणे.

बिल रात्री मागितलं तर ‘सकाळी एकदमच करू’ म्हणाले. खरी मेख इथे आहे. सकाळी बोटीची वेळ झालेली, आमची आधार कार्डं त्यांच्या ड्रॉवरमध्ये, आणि हातात वहीच्या कागदावरचं बिल: मासा २,८८०, सेवा शुल्क २८८, वर १८ टक्के जीएसटी ५७०. एकूण ३,७३८ रुपये. आम्ही वाद घातला. ‘पैसे द्या, कार्डं घ्या,’ एवढंच उत्तर. बोट चुकली असती तर पोर्ट ब्लेअरहून पुढचं विमानही गेलं असतं. नेटवर्क नाही म्हणून पैसे रोखच द्यावे लागले.

सेवा शुल्क बिलात परस्पर लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तशी मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ पासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती उचलून धरली. अशा स्वस्त जागी जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो, १८ नव्हे. आणि बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल तर तो कर सरकारकडे जातो यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर निदान त्या मुलाच्या तोंडावर बोलता आलं असतं. परत आल्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

सगळ्यात जास्त चीड आली ती जेट्टीकडे जाताना. तीन नंबरचा बाजार, म्हणजे बेटावरचा मुख्य बाजार, आमच्या हॉस्टेलपासून चालत जेमतेम वीस मिनिटांवर निघाला. रिक्षावाल्याने सांगितलं, तिथल्या खानावळी रात्री नऊ-साडेनऊपर्यंत चालू असतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने या बेटावर वसवलं; त्यांच्याच घरच्या चवीची मच्छी थाळी, भात, मसूर डाळ, रस्सा, २०० रुपयांत. तीन दिवस आम्ही बटाटा खात बसलो होतो.

तिथे गेलात तर मासा वजन करण्याआधी भाव कशाचा ते विचारा, पूर्ण रक्कम कागदावर लिहून घ्या, आणि बिल आदल्या रात्रीच मिटवा. नाही म्हणाले तर त्यांच्याकडे खाऊ नका. आधारची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड सोडू नका.

जेट्टीवर उतरणाऱ्यांत नाशिकचं एक जोडपं भेटलं. त्यांचं बुकिंग त्याच हॉस्टेलचं होतं. मी त्यांना बिल दाखवलं. त्या काकूंनी फोनवर त्याचा फोटो काढून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘तीन नंबरचा बाजार कुठल्या बाजूला?’