ट्रिपल आयटी की राज्याचं सरकारी कॉलेज? आधी पैसा कुणाचा ते पाहा

जेईई मेन या अभियांत्रिकीच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचा रँक आणि राज्याच्या सीईटीचा पर्सेंटाईल दोन्ही हातात आले की घरात ठरलेला प्रश्न येतो: पुणे किंवा नागपूरची ट्रिपल आयटी (भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था) घ्यायची, की पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, अमरावती अशा राज्याच्या कॉलेजांत कॉम्प्युटरची जागा मिळते का ते बघायचं? बहुतेक चर्चा प्लेसमेंटच्या आकड्यांवर सुरू होते आणि तिथेच संपते. खरा फरक मात्र या संस्था ज्या धोरणातून उभ्या राहिल्या, त्यात आहे.

नाव एक, घराणी तीन

'ट्रिपल आयटी' नावाखाली तीन वेगळ्या प्रकारच्या संस्था आहेत. ग्वाल्हेर (१९९७), अलाहाबाद (१९९९), जबलपूर (२००५), कांचीपुरम (२००७) आणि कुर्नूल (२०१५) या पाच पूर्णपणे केंद्राच्या पैशावर चालतात. हैदराबाद आणि बेंगळुरू या दोन नावाजलेल्या संस्था या सरकारी कुटुंबातल्या नाहीतच. हैदराबादच्या नावातला पहिला 'आय' तर 'इंडियन'चा नसून 'इंटरनॅशनल'चा आहे.

तिसऱ्या प्रकारात पुणे आणि नागपूर येतात. २०१० साली केंद्राने सरकार आणि उद्योग यांच्या भागीदारीत (पीपीपी) २० संस्था काढायचं ठरवलं. प्रत्येकीचा भांडवली खर्च १२८ कोटी धरला आणि वाटणी केंद्र ५०, राज्य ३५, उद्योग १५ टक्के अशी ठेवली. ईशान्य भारतात उद्योगांचा वाटा निम्मा, साडेसात टक्के. जमीन राज्याने फुकट द्यायची, ५० ते १०० एकर. पुणे आणि नागपूर दोन्ही २०१६ ला सुरू झाल्या. २०१७ च्या कायद्याने अशा १५ संस्थांना राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा आणि स्वतःची पदवी द्यायचा अधिकार मिळाला, २०२० च्या दुरुस्तीने आणखी पाच आल्या.

ही वाटणी इमारती, यंत्रसामग्री अशा भांडवली खर्चाची आहे. प्राध्यापकांचे पगार, वीज, प्रयोगशाळेची देखभाल यांसाठी केंद्राची मदत फक्त पहिल्या काही वर्षांची. पुढे संस्थेने स्वतःच्या पायावर उभं राहायचं, म्हणजे मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर. पीपीपी ट्रिपल आयटीची फी सरकारी कॉलेजच्या कितीतरी पुढे का असते, याचं उत्तर इथे आहे. संस्था चालवायची तर जागा वाढवायच्या, नव्या नावाच्या शाखा काढायच्या, हा मोहही इथूनच येतो.

राज्याने जमीन दिली, राज्याच्या मुलाला काय?

काहीच नाही. एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत, निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात. ट्रिपल आयटीत असा कोटा नाही, सगळ्या जागा देशपातळीवर. तळेगावच्या मुलाला पुण्याच्या ट्रिपल आयटीसाठी पाटण्याच्या मुलाइतकाच रँक लागतो. सीईटीनंतरच्या कॅप फेरीत (राज्याची एकत्रित प्रवेश प्रक्रिया) मात्र बहुतेक जागा महाराष्ट्राच्या उमेदवारांसाठी असतात.

पात्रतेचे निकषही वेगळे आहेत. ट्रिपल आयटीला बारावीत ७५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ६५), नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असावं लागतं. राज्यात खुल्या गटाला तीन विषयांत मिळून ४५ टक्के पुरतात. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, जेईईत कापतात. त्यामुळे एकाच मुलाचे दोन निकाल फार वेगळे आले तर गोंधळून जायचं कारण नाही.

दाखले: सगळ्यात जास्त गाडी इथे अडते

राज्याचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र जोसाला, म्हणजे ट्रिपल आयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेला, चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर दिलेला. राज्याच्या दाखल्याची मुदत अजून संपलेली नसते, म्हणून पालक निर्धास्त राहतात आणि पडताळणीत विद्यार्थी खुल्या गटात धरला जातो. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्रात वेगळा गट नाही. जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते आधी नावानिशी पाहायचं.

एसईबीसी, म्हणजे मराठा समाजाला मिळालेलं आरक्षण, फक्त राज्यापुरतं आहे. मराठा विद्यार्थ्याला जोसात केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट) दाखला वापरता येतो, पण त्यात उत्पन्नाच्या आठ लाखांच्या मर्यादेसोबत जमिनीचीही अट आहे. कुटुंबाच्या नावावर पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती असेल तर दाखला मिळत नाही, मग ती जमीन कोरडवाहू असो वा बागायती. सातबारा काढून बेरीज आधीच करून ठेवा.

फीचा हिशेब

संकेतस्थळावरची पहिल्या सत्राची फी गुणिले आठ, हा हिशेब चुकतो. दरवर्षीची वाढ, वसतिगृह, मेस आणि लॅपटॉप वेगळे धरा.

राज्याच्या बाजूचं पारडं इथे बरंच जड होतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलांना निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत. शिवाय टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या, पाच टक्के जादा जागा असतात. कॉलेज आणि शाखेच्या चॉईस कोडच्या शेवटी 'टी' दिसतो ती ही जागा. तिला फॉर्ममध्ये वेगळा पर्याय म्हणून टाकावं लागतं, साध्या कोडबरोबर ती आपोआप येत नाही.

ट्रिपल आयटीसाठी पंतप्रधान विद्यालक्ष्मीचं कर्ज आहे: तारण नाही, आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. पण ते शेवटी कर्जच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे, मात्र संस्थेनुसार जागा ठरलेल्या असतात. ती मिळेलच असं धरून हिशेब मांडू नये.

आमचा कल

सीओईपी किंवा व्हीजेटीआयला कॉम्प्युटर मिळत असेल आणि फीमाफीत बसत असाल, तर पीपीपी ट्रिपल आयटीकडे जायला आम्हाला सबळ कारण दिसत नाही. हीच तुलना नव्या, लहान सरकारी कॉलेजशी असेल तर उत्तर उलटं येऊ शकतं. ट्रिपल आयटीत सोबतची मुलं देशभरातून चाळून आलेली असतात आणि अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठाची वाट पाहावी लागत नाही. खासगी कॉलेजच्या भल्यामोठ्या कॉम्प्युटर वर्गाशी तुलना असेल, तर एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने २०२४-२५ पासून प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा उठवली आहे, हे लक्षात ठेवून एका शाखेच्या किती तुकड्या आणि किती कायम शिक्षक, हे विचारा.

नागपुरात शाखांची नावं नीट वाचा: कॉम्प्युटर, त्यातच एआय-एमएल, डेटा सायन्स, गेमिंग, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये आयओटी. पुण्यात मुख्यतः दोनच, कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स. नागपूरचा परिसर बुटीबोरीजवळ वारंग्याला आहे. पुण्याची सुरुवातीची वर्षं आंबेगावच्या तात्पुरत्या जागेत गेली, स्वतःची जमीन मावळात नाणोलीला. आपल्या तुकडीची चार वर्षं कुठे जाणार आणि वसतिगृह कुठलं, हे प्रवेशाआधी लेखी ईमेलने विचारून घ्या.

तारखांची कोंडी

जोसा जून-जुलैत उरकतं, कॅपची खरी धामधूम त्यानंतर. म्हणजे सीओईपी मिळेल का, हे कळायच्या आत ट्रिपल आयटीचे पैसे भरावे लागतात. जोसातून माघार शेवटच्या फेरीच्या आधीपर्यंतच घेता येते, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. कॅपमध्ये २०२५-२६ पासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. म्हणून नको असलेलं कॉलेज 'असू दे' म्हणून वर टाकू नका. आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो जिथे जमा कराल तिथून परत मिळायला किती दिवस लागतात, हे जमा करण्याआधी विचारा.