बर्लिनची एला की पॅरिसची डायना?

जॅझ गायनाचा एकच लाइव्ह अल्बम घ्यायचाय, कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर दोन येतात. एला फिट्झजेराल्डचा 'एला इन बर्लिन' आणि डायना क्रॉलचा 'लाइव्ह इन पॅरिस'. दोन्ही दौऱ्यावर असताना परक्या शहरात ध्वनिमुद्रित झालेले, दोन्हींना ग्रॅमी मिळालेलं. मध्ये चाळीसेक वर्षं गेली आहेत, पण निवड करताना काळाचा विचार फारसा करू नका. सगळं हातून निसटायच्या बेतात असताना गायिका काय करते हे ऐकायचंय, की काहीच निसटू न देणारी गायिका ऐकायचीय, एवढं आधी ठरवा.

१३ फेब्रुवारी १९६०, बर्लिनचं डॉइचलांडहाले सभागृह. समोर हजारो श्रोते, मागे पॉल स्मिथचा पियानो, जिम हॉलची गिटार, विल्फ्रेड मिडलब्रुक्सचा बास आणि गस जॉन्सनचे ड्रम्स. एला 'मॅक द नाइफ' घेते. शब्द आठवतील अशी आशा आहे, असं सुरू करण्याआधीच सांगून टाकते. काही कडवी ठीक जातात आणि मग शब्द गायब! वादक थांबत नाहीत, पट्टी चढतच राहते. आणि एला? 'पुढचं कडवं काय बरं' हेच ती चालीत बसवून गाते. हे गाणं गाजवणाऱ्या बॉबी डॅरिनचं आणि लुई आर्मस्ट्राँगचं नाव घेते, आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करते, आम्ही गाण्याची पार वाट लावतोय हेही गाऊनच सांगते. यात ती एकदाही ठेका सोडत नाही. गंमत म्हणजे हे गाणं मुळात बर्लिनचंच, १९२८ साली तिथे रंगमंचावर आलेल्या, नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइल यांच्या संगीतिकेतलं. म्हणजे विसरली तीही त्याच्या माहेरी.

त्यानंतर येतं 'हाउ हाय द मून'. सात मिनिटांच्या आसपासच्या या गाण्यात बहुतेक सगळा स्कॅट, म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांवर केलेली लयकारी. मधूनच इतर गाण्यांचे तुकडे डोकावतात आणि त्यातल्या एकाच्या 'धूर डोळ्यांत जातो' या ओळीच्या जागी ती 'घाम डोळ्यांत जातो' म्हणते. पहिल्यांदा ऐकताना दमायला होतं. दुसऱ्यांदा मात्र हे सगळं किती नेमकं समेवर येतंय ते कळतं.

'लाइव्ह इन पॅरिस'मध्ये असा गोंधळ शोधूनही सापडणार नाही. २००१ च्या अखेरीस ऑलिंपिया सभागृहात झालेल्या मैफलींचं हे मुद्रण २००२ मध्ये आलं. क्रॉल स्वतः पियानो वाजवते, त्यामुळे गाणं आणि साथ एकाच डोक्यातून निघतात. जेफ हॅमिल्टन ड्रम्सवर ब्रश फिरवतो तो अगदी कानाशी ऐकू येतो, जॉन क्लेटनचा बास गुबगुबीत आणि स्पष्ट आहे, काही गाण्यांना ऑर्केस्ट्राही आहे. चांगल्या स्पीकरचं चीज करणारा अल्बम हाच. माझ्या मते त्याचा कळस म्हणजे गायिका-गीतकार जोनी मिचेलचं 'अ केस ऑफ यू'. नुसता पियानो आणि आवाज. क्रॉल ओळ संपवून थांबते आणि पुढचा सूर मुद्दाम उशिरा लावते, इतका उशिरा की आपणच पुढे सरकून बसतो. तक्रार एकच. शेवटचं 'जस्ट द वे यू आर' स्टुडिओत केलेलं आहे. मायकेल ब्रेकरचा सॅक्सोफोन छानच, पण टाळ्यांनी भरलेल्या अल्बमच्या टोकाला तो पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

तेव्हा संध्याकाळी दोन-चार जण जमलेत, गप्पांच्या मागे काहीतरी देखणं वाजत राहायला हवंय, किंवा जॅझ अजून परकं वाटतं, तर क्रॉल घ्या. एलाचा अल्बम पार्श्वभूमीला लावू नका, वाया जाईल. आवाजाची प्रतही १९६० ची आहे, मोठ्या सभागृहातली, त्यात बासचे बारकावे शोधत बसू नका. तरी एकच घ्यायचा तर मी एलाच घेईन.

आणखी एक पर्याय आहे. निर्माता नॉर्मन ग्रांझच्या संग्रहातून निघालेलं, मार्च १९६२ च्या बर्लिन मैफलीचं मुद्रण २०२० मध्ये 'द लॉस्ट बर्लिन टेप्स' नावाने आलं. गाणी सतरा. एला त्यातही फॉर्मात आहे, 'हॅलेलुया आय लव्ह हिम सो' तर ती दोनदा घेते. पण हा दुसरा म्हणून घ्या. त्यातही 'मॅक द नाइफ' आहे, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच शहरात काय घडलं होतं हे ठाऊक असल्याशिवाय ते ऐकण्यात निम्मी मजा जाते.