हॉलिस्टर हिल्स: पुण्यातली वीस वर्षं पहिल्याच उतारावर संपली

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या, गाडीचा किडा असलेल्या मंडळींसाठी लिहितोय. ज्यांना गाडी म्हणजे टेस्ला वाटते त्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

गेल्या नोव्हेंबरात मी आणि माझा एक कोल्हापूरकर मित्र (त्याला मन्या म्हणू, खरं नाव टाकलं तर त्याच्या बायकोला कळेल) पहिल्यांदा हॉलिस्टर हिल्सला डर्टबाइक (मातीत चालवायची मोटरसायकल) चालवायला गेलो. दोघांनाही वाटत होतं की आपल्याला काय शिकवणार हे लोक, मी पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलीये, सिंहगड रस्त्याला संध्याकाळी सात वाजता चालवलीये, मन्याने तर पन्हाळ्याच्या पावसात ट्रिपल सीट चालवलीये. हा सगळा माज तिथल्या पहिल्या खऱ्या उतारावर चाळीस सेकंदात उतरला. ते सांगतोच पण आधी जागेबद्दल.

सॅन होजेहून १०१ ने दक्षिणेला, गिलरॉयनंतर २५ नंबरचा रस्ता धरून हॉलिस्टर गाव, आणि तिथून सिएनेगा रोडने आत. ट्रॅफिक नसेल तर तासाभराचं काम. पूर्ण नाव हॉलिस्टर हिल्स स्टेट व्हेइक्युलर रिक्रिएशन एरिया, म्हणजे सरकारने खास मातीत गाड्या उडवायला राखून ठेवलेली जागा. आपल्याकडे टेकडीवर गाडी घातली की वनखात्याचा माणूस शिट्टी वाजवत येतो (आणि बरोबरच आहे त्याचं), इथे पेट्रोलवरच्या टॅक्समधून आणि गाड्यांच्या रजिस्ट्रेशनच्या पैशातून अशा जागा चालवतात, १९७१ पासून तसा कायदाच आहे. हॉलिस्टरची जागा राज्याने १९७५ मध्ये घेतली. दोन भाग आहेत. लोअर रांच बाइक आणि एटीव्हीवाल्यांसाठी (एटीव्ही म्हणजे मातीत चालणारी छोटी चारचाकी), साधारण ६४ मैलांचे ट्रेल, आणि अप्पर रांच जीपवाल्यांसाठी. आपलं काम लोअर रांचमध्ये. आम्ही गेलो तेव्हा दिवसाचे ५ डॉलर घेतले. परत वाचा, ५ डॉलर. इथे कॉफी आणि एक कोरडा मफिन ह्याच्या दुप्पट पडतो.

आता तयारी, कारण आमची सगळी बोंब तिथेच झाली. दोन आठवडे आम्ही रात्री अकरानंतर फोनवर फक्त गाडी कुठली घ्यायची ह्यावर बोललो. टू स्ट्रोक का फोर स्ट्रोक, २५० सीसी का ४५०, जणू उद्या डकार रॅलीला निघालोय. शेवटी भाड्याने दोन होंडा सीआरएफ २५० एफ घेतल्या, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तेवढंच घ्यावं, गरीब स्वभावाची गाडी आहे, सेल्फ स्टार्ट आहे, ताकद हळूहळू देते. पण एक गोष्ट आम्ही बघितलीच नाही, ती म्हणजे सीटची उंची. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर. ह्या बाईसाहेबांची ८८३. वजन म्हणाल तर १२० किलोच्या आसपास, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा फार नाही, पण ते सगळं दहा सेंटीमीटर वर. माझी उंची पाच फूट सहा इंच. दोन्ही पाय टेकत नाहीत, एका बाजूला कलून एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं, आणि तो चवडा नेमका खड्ड्यात पडला की गाडी निवांतपणे आडवी. दुकानातच गाडीवर बसून बघा राव, लाजू नका. उंची कमी असेल तर छोटी गाडी मागा, तिथे दहा वर्षांची पोरं मोठ्यांना ओव्हरटेक करतात, इज्जत कशीही जाणारच आहे.

गाड्या ट्रेलरसकट सॅन होजेच्या एका दुकानातून घेतल्या. नाव नाही सांगत कारण पोरगा स्वभावाने चांगला होता, पण बांधायचे पट्टे त्याने दिले ते झिजलेले होते. गिलरॉयजवळ मी आरशात बघतो तर मन्याची गाडी डावीकडे झुकलेली, लग्नात दमलेल्या काकांसारखी. पेट्रोलपंपावर उतरलो, सगळीकडे लसणाचा वास (गिलरॉय लसणासाठीच प्रसिद्ध आहे, मन्या म्हणे इथे ठेचा काय झाला असता), आणि तिथे उभं राहून पट्टे परत बांधले. तर शिकलेलं सांगतो. पुढचं चाक ट्रेलरच्या पुढच्या दांडीला टेकवायचं, हँडलच्या दोन्ही बाजूंना पट्टे लावून एकदा हा एकदा तो असे ओढत जायचं, पुढचे शॉकअप अर्ध्यापर्यंत दबले पाहिजेत, मग गाडी हलवली की आपण हलायला पाहिजे, गाडी नाही. आणि निघाल्यावर पंधरा मिनिटांनी थांबून परत बघायचं, पट्टे सैल पडतातच. ट्रेलर मागे असला की कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैलांची लिमिट असते हेही लक्षात ठेवा, आम्हाला एका ट्रकवाल्याने हॉर्न देऊन उलट दिशेने आठवण करून दिली.

कागदपत्रं भाड्याच्या गाडीला दुकानदार बघतो. स्वतःची गाडी असेल तर रस्त्यावरची नंबरप्लेट तरी पाहिजे नाहीतर ऑफ रोडचं स्टिकर. सायलेन्सरमध्ये ठिणगी अडवणारी जाळी पाहिजे, उन्हाळ्यात इथलं गवत काडेपेटीसारखं असतं त्यामुळे ह्यात गंमत नाही. आणि आवाज. १९८६ पासूनच्या गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे, सायलेन्सरपासून वीस इंचांवर मीटर धरून मोजतात. म्हणजे आपल्याकडची बुलेटला फटाके लावणारी मंडळी गेटवरूनच घरी.

कधी जायचं? उन्हाळ्यात नको. उन्हाळ्यात धूळ आणि उकाडा, त्यात अंगावर सात किलोचा जामानिमा. पहिला पाऊस पडून दोनचार दिवस झाले की जावं. गॅबिलान डोंगरातली ही माती बरीचशी ग्रॅनाइट झिजून झालेली, भरड, थोडी ओल असली की टायर असा धरते की काय सांगू. पण पाऊस जास्त झाला तर ट्रेल बंद करतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आणि सकाळी परत, दोन्ही वेळा पार्कची माहिती बघायची. बाय द वे सॅन अँड्रियास फॉल्ट (जमिनीतली मोठी भेग), तोच तो भूकंपवाला, ह्या पार्कमधूनच जातो. सिएनेगा रोडवर एक वायनरी आहे तिची इमारत बरोबर फॉल्टवर बसलीये आणि वर्षाला सेंटीमीटरभर फाटत चाललीये, भूगर्भवाले कित्येक दशकं येऊन मोजतायत. मन्या म्हणाला आमच्या चुलत्यांच्या वाटणीपेक्षा हळू आहे.

पोचलो साडेनऊला. गेटवर नकाशा घेतला. ट्रेलना खुणा असतात, हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मधला, काळा हिरा म्हणजे अवघड, तिकडे आपण बघायचं पण नाही. एक काम आम्ही चुकून बरोबर केलं, ते म्हणजे पहिला अर्धा पाऊण तास नवख्यांच्या छोट्या ट्रॅकवर घालवला. चुकून अशासाठी की आम्हाला ट्रेलची सुरुवातच सापडत नव्हती. तिथे एक सहा वर्षांची मुलगी ५० सीसीवर गोल गोल फिरत होती आणि तिचे आजोबा खुर्ची टाकून बसले होते. त्या माणसाने आम्हाला दोन मिनिटं बघितलं आणि उठून आला. म्हणाला, बसू नका, उभे राहा. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहायचं, गुडघे जरा वाकलेले, टाकीला चिकटलेले, कोपरं बाहेर. वळताना गाडी आत वाकवायची आणि आपण सरळ राहायचं, वजन बाहेरच्या पेगवर. आपल्या रस्त्यावरच्या सवयीच्या अगदी उलट. डोकं मान्य करतं, कंबर करत नाही. क्लच आणि पुढच्या ब्रेकवर एकच बोट. एकच.

मग हिरव्या ट्रेलवर गेलो आणि खरं सांगतो, लई भारी वाटलं. ओकची झाडं, अरुंद वाट, वळण गेलं की अचानक दरी उघडते, नोव्हेंबरात खालचं गवत पिवळं आणि त्यात नुकतं हिरवं फुटायला लागलेलं, मला उगाच ताम्हिणी आठवला. चढावर अवघड वळण आलं की गाडी जवळजवळ थांबते, तिथे अर्धा क्लच लागतो, आणि तिथे सिंहगड रस्ता कामाला आला! वीस वर्षांतली तेवढी एकच गोष्ट उपयोगी पडली पण पडली.

समोरून येणारे लोक हाताची बोटं दाखवत होते. एक जण तीन बोटं दाखवून गेला, मला वाटलं नमस्कार चमत्कार, मीही ऐटीत हात केला, आणि पुढच्या वळणावर एकामागोमाग तीन गाड्या अंगावर. बोटं म्हणजे माझ्यामागे इतके येतायत. मूठ दाखवली की मीच शेवटचा. हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं, म्हणून मी सांगतोय. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हेही.

बारा वाजता मन्या म्हणाला निळं बघू. मीही म्हणलं बघू. हात दुखत होते, पाणी संपत आलं होतं, हीच ती वेळ असते जेव्हा परत फिरायला पाहिजे. निळ्या ट्रेलचा उतार, फार मोठा नाही, आपल्या दोन मजली बिल्डिंगच्या जिन्याइतका, वर भरड खडीचा थर जसा कुणी ज्वारी सांडून ठेवलीये. मी घाबरून बसलो. बसलो म्हणजे वजन मागे गेलं, हँडल थोडं डावीकडे वळलेलं, आणि सगळी बोटं ब्रेकवर, पुढचा मागचा एकदम. पुढचं चाक नुसतं निघून गेलं. आवाज पण नाही. गाडी डावीकडे आणि माझा डावा पाय तिच्याखाली, इंजिन चालूच, आणि मी आभाळ बघत विचार करतोय की बायको म्हणाली होती पाय मोडलास तर मी रजा काढणार नाही.

पाय मोडला नाही. कारण बूट. भाड्याच्या सामानात ते गुडघ्यापर्यंतचे प्लास्टिकचे बूट घालायला मला जिवावर आलं होतं, चालताना रोबोसारखं वाटतं, मी माझे ट्रेकिंगचे बूट घालणार होतो. दुकानातल्या पोराने ऐकलं नाही, त्याचे झिजलेले पट्टे मी त्या एका गोष्टीसाठी माफ केलेत. बुटावर फूटपेगचा एवढा मोठा चरा आहे, तो चरा घोट्यावर असता. तेव्हा पैसे कमी असतील तर गाडी स्वस्तातली घ्या, बूट चांगले घ्या. हेल्मेट, गॉगल, गुडघ्याचे गार्ड, छातीचं कवच हे आलंच, पण लोक बुटात काटकसर करतात.

क्लचचं लिव्हर वाकलं, त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले, रास्त आहे. पडलो तिथेच बाजूला तांबूस पानांचं झुडूप होतं, तो पॉयझन ओक निघाला, आपल्या खाजकुयलीचा अमेरिकन मावसभाऊ, फक्त हा दुसऱ्या दिवशी कळतो. मनगटावर दहा दिवस पुरळ होतं. तीन तीन पानांचा झुबका दिसला की लांब, आणि आडोशाला जाताना तर जास्तच लांब.

खाण्याचं म्हणाल तर घरून न्या. आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळशेंगदाण्याचे लाडू नेले होते, आणि दोन बाटल्या लिंबू सरबत, मीठ जरा जास्त घालून. पाण्याचा हिशोब मात्र चुकला, माणशी दोन लिटर नेलं, चार पाहिजे होतं. पाठीवर नळीवाली पिशवी असेल तर उत्तम, बाटली काढायला थांबावं लागतं म्हणून आम्ही पाणी प्यायला थांबलोच नाही. आजोबांना एक लाडू दिला, त्यांनी नातीला अर्धा दिला, ती म्हणाली अजून आहे का. संपले.

दोन वाजता गाड्या ट्रेलरवर चढवल्या. पूर्ण दिवसाचे पैसे भरले होते म्हणून मन्याला हळहळ वाटत होती, पण क्लच ओढायला त्याचं बोट उघडत नव्हतं. पहिल्या दिवशी चार तास खूप झाले. उरलेल्या वेळात हॉलिस्टर गावात चक्कर मारा, १९४७ च्या ४ जुलैला तिथल्या मोटरसायकल रॅलीत एवढा दंगा झाला की लाइफ मासिकात फोटो आला आणि पुढे हॉलिवूडने त्यावर सिनेमा काढला. शिवाय त्या गावातल्या फुटपाथच्या कडा पण एका फॉल्टमुळे हळूहळू वाकड्या झाल्यात, दुखऱ्या कमरेने ते बघत चालायला बरं वाटतं.

जागेला माझ्याकडून पाचपैकी पाच. आमच्या तयारीला दोन. जमलं तर जायच्या आधी एक दिवसाचा एमएसएफचा (मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा) डर्टबाइक स्कूल कोर्स करा, आम्ही आता करणार आहोत, उलट्या क्रमाने.

जानेवारीत परत जायचं चाललंय, पाऊस बघून. तिघांची जागा आहे, फक्त ट्रेलर ओढायला हिच (मागचा जोडायचा हूक) असलेली गाडी पाहिजे, मागच्या वेळी ज्याची नेली होती तो आता फोन उचलत नाही. पट्टे मी नवीन घेतलेत.