ब्रॉडबँडसोबत मिळणारा राऊटर : वेगात पैकीच्या पैकी, सुरक्षेत नापास

नागपुरात प्रतापनगर, मानेवाडा, मनीषनगर, बेसा अशा कोणत्याही वस्तीत फायबरची जोडणी घेतली, की नेटवाला सोबत एक पांढरा डबा आणतो, भिंतीवर ठोकतो, मोबाइलवर वेग मोजून दाखवतो आणि निघून जातो. या डब्याला ओएनटी म्हणतात. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतात रूपांतर करणे आणि घरभर वायफाय पुरवणे ही दोन्ही कामे तो एकटाच करतो. आमच्या घरी बसवलेल्या अशाच एका डब्याचे हे परीक्षण आहे. पुरवठादाराचे आणि डब्यावरील कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हा माल निरनिराळी लेबले लावून निरनिराळे पुरवठादार वाटतात, आणि एकाच नावावर बोट ठेवले तर बाकीचे ग्राहक उगाच निर्धास्त होतील.

वेगाबद्दल तक्रारीला जागा नाही. ठरलेला वेग दिवसरात्र मिळतो, दोन खोल्या पलीकडेही वायफाय पोहोचते, वीज गेली तर छोट्या यूपीएसवर डबा निवांत चालतो. उन्हाळ्याचा प्रश्न मात्र आहे. घरगुती राऊटर साधारणपणे चाळीस अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि नवतप्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीवर डबा ठोकू देऊ नये, एवढे सांगून हा भाग संपवतो. कारण ज्या गोष्टीसाठी हे परीक्षण लिहायला घेतले, ती वेगाच्या चाचणीत कधीच दिसत नाही.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला की डब्याचे लॉगिन पान उघडते. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. आत गेल्यावर पासवर्ड बदलण्याची सूचना कुठेच येत नाही. याच ढिलाईवर २०१६ साली मिराई नावाचा दुष्ट प्रोग्रॅम पोसला गेला. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठाच्या आसपास जोड्या त्याच्याकडे होत्या, आणि तेवढ्या बळावर त्याने जगभरातील लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेऊन त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर असा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडता आली नाहीत. भारतातही जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर हल्ला झाला, त्याचा फटका प्रामुख्याने मूळ पासवर्ड न बदललेल्या ग्राहकांना बसला आणि कंपनीला पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. इतक्या वर्षांनंतरही नव्या जोडणीसोबत तोच अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन घरात येतो, याला निष्काळजीपणा याखेरीज दुसरा शब्द नाही.

पासवर्ड बदलून प्रश्न मिटत नाही, हे पुढच्या टप्प्यात कळले. सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून साध्या नोटपॅडमध्ये उघडली, तेव्हा त्यात माझ्या खात्याखाली आणखी एक खाते सापडले. ते पुरवठादाराचे होते, त्याचे अधिकार माझ्यापेक्षा जास्त होते आणि त्याचा पासवर्ड कोणत्याही आवरणाशिवाय जसाच्या तसा लिहिलेला होता. हे खाते मला काढताही येत नाही आणि त्याचा पासवर्ड बदलताही येत नाही. त्याच वस्तीत त्याच पुरवठादाराची जोडणी असलेल्या एका मित्राने स्वतःची फाइल पाहिली, तर तिथेही तेच नाव आणि तोच पासवर्ड. म्हणजे एका घराची किल्ली सगळ्या घरांना लागते, आणि ती प्रत्येक घरातल्या फाइलमध्ये उघडी पडलेली आहे.

यावर नेटवाल्यांचे ठरलेले उत्तर असे, की बाहेरचा माणूस डब्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. त्यात थोडे तथ्य आहे. आमचा पुरवठादार एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतो, त्यामुळे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट आमच्या दारात येणे अवघड आहे. परंतु पुरवठादाराच्या आतल्या जाळ्याचे काय? त्याच मित्राच्या घरून, त्याच्या संमतीने, माझ्याच डब्याचा आतला पत्ता टाकून पाहिला आणि माझे लॉगिन पान त्याच्या पडद्यावर उघडले. दूरस्थ व्यवस्थापन सुरू ठेवलेले होते, दुरून आज्ञा देण्याची टेलनेट ही जुनी, असुरक्षित सोयही सुरू होती आणि ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोय पुरवठादाराने केलेली नव्हती. अशा जाळ्यात वस्तीतील एक डबा बाधित झाला, तर उरलेल्यांपर्यंत पोहोचायला त्याला इंटरनेटवर जाण्याचीही गरज नाही.

दुरून व्यवस्थापन करण्याची सोय मुळात वाईट आहे असे मी म्हणत नाही. टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने पुरवठादार हजारो डब्यांची सेटिंग एका जागेवरून पाहतो, आणि तसे नसते तर प्रत्येक तक्रारीसाठी माणूस पाठवावा लागला असता. अडचण येते ती हे दार पुरवठादाराच्या सर्व्हरपुरते मर्यादित न ठेवता सगळ्या जगासाठी उघडे ठेवल्यावर. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराईच्याच एका नव्या अवताराने ७५४७ या पोर्टवर, म्हणजे टीआर-०६९ च्याच दारावर, धडका दिल्या आणि जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. आमच्या डब्यातही हाच पोर्ट उघडा आहे आणि ग्राहकाच्या खात्यातून तो बंद करण्याचा पर्याय दिसत नाही.

आता वायफायकडे येऊ. डब्याच्या पाठीवर डब्ल्यूपीएसचे, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण वायफायला जोडण्याचे, बटण आहे आणि पिनची सोयही चालू अवस्थेत येते. हा पिन आठ आकडी असल्याने दहा कोटी शक्यता आहेत असे वाटते. परंतु शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि राऊटर पिनचे दोन तुकडे स्वतंत्रपणे तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत पिन हाती लागतो. स्टेफान फीबॉक यांनी डिसेंबर २०११ मध्ये हे दाखवून दिले होते. दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. जोडणी देणारा मुलगा वायफायचा पासवर्ड म्हणून सर्रास ग्राहकाचाच मोबाइल क्रमांक टाकून देतो. दहा आकडी आणि सहा ते नऊ यांपैकी एका आकड्याने सुरू होणारा क्रमांक म्हणजे फार तर चारशे कोटी शक्यता. वायफायशी जोडणी होतानाचा संवाद कोणी टिपून ठेवला, तर आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला एवढ्या शक्यता तपासायला तासभरही लागत नाही. शिवाय तो क्रमांक दूधवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांकडे असतोच.

मी हे सारे बदलायला घेतले तेव्हा तक्रारीसाठी आलेला तंत्रज्ञ काकुळतीने म्हणाला, “काका, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलवू नका. मग लाइनमध्ये प्रॉब्लेम आला तर आम्हाले काही दिसत नाही.” त्याचा त्यात काही दोष नाही. दिवसभर उन्हात खांबांवर चढणाऱ्या त्या मुलाला कंपनीने एकच पासवर्ड शिकवला आहे आणि त्याची नोकरी त्या पासवर्डावर चालते. व्यवस्था वरून अशी आखली आहे की ग्राहकाने स्वतःचे घर सुरक्षित केले, तर सेवा देणाऱ्याची अडचण व्हावी.

या डब्याला मी नापास करतो तो मात्र आणखी एका कारणासाठी. माहितीच्या पानावर फर्मवेअरची, म्हणजे डबा चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची, तारीख दिसते, आणि ती डबा आमच्याकडे येण्याच्या कित्येक वर्षे आधीची आहे. त्यानंतर एकही सुधारणा आलेली नाही. विचारणा केली तर पुरवठादार डब्याच्या कंपनीकडे बोट दाखवतो, ती कंपनी कारखान्याकडे आणि कारखाना चिप बनवणाऱ्याकडे. या साखळीत सुधारणा कशी हरवते, याचे धडधडीत उदाहरण २०१४ च्या डिसेंबरमध्ये चेक पॉइंट या कंपनीने उघड केलेल्या मिसफॉर्च्युन कुकी या त्रुटीत आहे. राऊटरचे लॉगिन पान दाखवणाऱ्या रॉमपेजर या सॉफ्टवेअरमधील ही चूक त्याच्या निर्मात्याने २००५ सालीच दुरुस्त केली होती. तरीही नऊ वर्षांनी सुमारे १ कोटी २० लाख उपकरणांत जुनीच आवृत्ती चालू होती, कारण मधल्या कोणीही नवी आवृत्ती पुढे पाठवली नव्हती. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये सात कंपन्यांचे १२७ घरगुती राऊटर तपासले, तेव्हा एकही निर्दोष निघाला नाही आणि ४६ राऊटरांना वर्षभरात सुरक्षेची एकही सुधारणा मिळालेली नव्हती.

घरात चोरण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न विचारला जातो, म्हणून सांगतो. राऊटर हाती लागला की डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचे यंत्र शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलता येतो, म्हणजे तुम्ही बँकेचे नाव टाकले तरी कुठल्या यंत्राकडे जायचे हे हल्लेखोर ठरवतो. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास ४५ लाख मोडेमवर हाच प्रयोग झाला. आज ब्राउझर प्रमाणपत्राची चूक दाखवून अडवतो, पण इशारा न वाचता ‘पुढे जा’ दाबणारे आपल्या घरोघरी आहेत. त्याहून गंभीर म्हणजे तुमच्या जोडणीवरून दुसऱ्याने गुन्हा केला, तर पुरवठादाराच्या नोंदीत नाव तुमचेच निघते आणि पोलिसांची चौकशी तुमच्यापासून सुरू होते.

मी शेवटी पुरवठादाराला डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगितले आणि पीपीपीओईचे, म्हणजे पुरवठादाराच्या जाळ्यात लॉगिन करण्याचे, नाव-पासवर्ड मागून घेतले. त्यासाठी पाठपुरावा करावा लागला, पण ते मिळाले. ब्रिजवर गेल्यावर डबा केवळ प्रकाशाचे रूपांतर करतो आणि पुढची राखण आपल्या राऊटरकडे येते. पुरवठादाराचे खाते डब्यात राहतेच, परंतु घरातील उपकरणे आता त्याच्या पलीकडे, माझ्या राऊटरच्या आड आहेत.

स्वतःचा राऊटर घ्यायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलात तर दुकानदार अँटेना मोजून दाखवील आणि तीन वर्षांची वॉरंटी सांगेल. ती वॉरंटी डबा बंद पडला तर बदलून देण्याची आहे. सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, याबद्दल ती काहीच बोलत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखाच मूळ पासवर्ड असलेली उपकरणे विकण्यास मनाई आहे आणि सुधारणा किती काळ मिळतील हे जाहीर करणे बंधनकारक आहे. आपल्याकडे खोक्यावर ती तारीख छापलेली मिळेपर्यंत कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची शेवटची सुधारणा कधी आली हे दुकानात उभे राहूनच पाहावे. मॉडेलच्या नावापुढची हार्डवेअर आवृत्तीही तपासावी, कारण नाव तेच ठेवून आतले यंत्र बदललेले असते.

मी ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर चालणारा राऊटर निवडला. मात्र ज्यांना सेटिंगच्या वाटेला जायचे नाही, त्यांना तो सुचवणार नाही. त्यांनी आपोआप अद्ययावत होणारा चांगल्या कंपनीचा राऊटर घ्यावा आणि ती सोय खरोखर चालू आहे याची खात्री करावी. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ मधील त्रुटीची दुरुस्ती मार्च २०२३ मध्ये उपलब्ध झाली होती, आणि पुढच्याच महिन्यात मिराईवाल्यांनी ती न बसवलेले राऊटर गाठायला सुरुवात केली. चुका ओपनडब्ल्यूआरटीतही निघतात. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या अपडेट सेवेत गंभीर त्रुटी सापडली, पण कळवल्यानंतर काही तासांत ती दुरुस्त झाली. माझ्या निवडीमागे हाच वेग होता.

दुसरा राऊटर परवडत नसेल, तर आहे त्याच डब्यात अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस, यूपीएनपी (घरातील उपकरणांना राऊटरचे दार आपोआप उघडू देणारी सोय) आणि दूरस्थ व्यवस्थापन जितके बंद करता येईल तितके करा, आणि वायफायला मोबाइल क्रमांकाऐवजी चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड द्या. मात्र तंत्रज्ञाने डबा रीसेट केला की यातील सगळ्या गोष्टी पूर्ववत होतात, म्हणून तो जिना उतरण्यापूर्वी सेटिंगचे पान पुन्हा उघडून पाहा.