आकड्याच्या खिडकीवाला पंप: आठ महिन्यांनंतर

दम्याचा निळा पंप कशासाठी असतो आणि तो कसा ओढायचा, हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते पंपाच्या पाठीवर असलेल्या करंगळीच्या नखाएवढ्या खिडकीबद्दल. आत किती फवारे उरले, त्याचा आकडा तिथे दिसतो. माझ्या जुन्या पंपाला ती नव्हती.

गेल्या डिसेंबरातला रविवार. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी सहाला आमचा बारा किलोमीटर धावायचा बेत होता. थंडी कडक होती आणि खालच्या वस्तीतल्या शेकोट्यांचा धूर टेकडीच्या पोटाशी तसाच साचून राहिलेला. हिवाळ्यात पहाटे खालची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे धुराला वर जायला वाटच मिळत नाही. खाणीपाशी पोचले तेव्हा छाती आवळायला लागली. हे मला नवीन नाही. थांबले, पट्ट्यातून पंप काढला, हलवला, दोन फवारे घेतले. फुस्स आवाज आला, जिभेला नेहमीसारखं गार लागलं. पाच मिनिटं गेली, काही फरक नाही. आणखी दोन घेतले. खोकल्याची उबळ सुरू झाली आणि वाक्य पूर्ण बोलता येईना. बरोबरची मैत्रीण पार घाबरली. तिथून सगळ्यात जवळचं प्रवेशद्वारही पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर, आणि मला तर शंभर पावलंही जमली नसती.

रोज फिरायला येणारे एक काका समोरून येत होते. सत्तरी ओलांडलेले, कानटोपी, हातात काठी. त्यांनी काही विचारलं नाही. खिशातून स्वतःचा निळा पंप काढला, तोंडाकडचा भाग रुमालाने पुसला, उलटा धरून पाठ बघितली आणि म्हणाले, "अठ्ठावीस आहेत अजून. घे बाळ, निवांत घे." एकेक मिनिटाच्या अंतराने चार फवारे घेतले. दहा मिनिटांत खांदे खाली आले. काका तोवर शेजारच्या दगडावर बसून होते.

घरी येऊन हिशोब मांडला. माझा पंप जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतलेला. आठवड्यातून चार वेळा धावणं, प्रत्येक वेळी आधी दोन फवारे, म्हणजे आठवड्याला आठ. सव्वीस आठवड्यांचे झाले 208. रात्री-अपरात्री घेतलेले वेगळेच. डबीवर 200 छापलेलं होतं. म्हणजे औषध कधीच संपत आलेलं आणि मी नुसता वायू ओढत होते. यातली फसगत अशी की औषध संपलं तरी आत ढकलणारा वायू उरतो. आवाज तोच, गारवा तोच, हलवलं तर आत काहीतरी डचमळतं तेही तसंच. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. पूर्वी डबी पाण्यात टाकून ती तरंगते की बुडते ते बघायचे. आमच्याकडेही ते करून झालंय, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही आणि वर झडपेत पाणी जातं.

औषध दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळे सारखेच असतात." कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की फवाऱ्यांची संख्या डबीवर छापलेली आहे, मोजणं हे वापरणाऱ्याचं काम आहे. माझा संताप झाला, आणि तो अजून उतरलेला नाही. रात्री तीनला धाप लागलेला माणूस उशाशी वही घेऊन रेघा मारत बसेल, ही अपेक्षाच कशी करायची? गाडीच्या पेट्रोलला काटा असतो, गॅसच्या सिलिंडरवर निदान वजन लिहिलेलं असतं. ज्याच्यावर श्वास अवलंबून आहे, त्याला आकडा नको? पैशाचंही सांगते. मी काटकसरी आहे. एक वस्तू पूर्ण संपल्याशिवाय दुसरी आणत नाही. दोनशे रुपयांच्या आतला पंप पुरवून पुरवून वापरताना मला वाटत होतं पैसे वाचताहेत, आणि पायात बूट होते सात हजारांचे.

तीन दुकानं पालथी घातल्यावर खिडकीवाला पंप मिळाला. औषध तेच, सालब्युटामॉल, एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. किंमत थोडीच जास्त. पहिल्यांदा वापरताना चार फवारे हवेत सोडायचे असतात, तेही मोजले गेले आणि माझी सुरुवात 196 वरून झाली. आकडे काळे, शेवटचे वीस लाल.

आता तक्रारी. पहिली म्हणजे आकडा फार बारीक आहे. चाळिशीनंतर पहाटेच्या अंधारात तो दिसत नाही, मोबाइलचा उजेड पाडावा लागतो. दुसरी, धावण्याच्या पट्ट्यात मोबाइलच्या शेजारी ठेवला तर डबी दाबली जाते. एका रविवारी टोपणाच्या आतच सहा फवारे उडाले. आता तो एकटा वेगळ्या कप्प्यात, उभा ठेवते. तिसरी तक्रार खिडकीची नाही, पण सांगायलाच हवी. निळ्या पंपाचं भोक औषधाच्या पांढऱ्या पुडीने बुजतं. आठवड्यातून एकदा डबी बाहेर काढून नुसता प्लास्टिकचा भाग कोमट पाण्याखाली धरायचा आणि हवेवर वाळू द्यायचा. माझ्या पंपात आकड्याची चकती डबीलाच चिकटलेली आहे, म्हणून डबी कोरडी राहील एवढं बघायचं. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची पोकळ नळी, असेल तर तो साबणाच्या पाण्यातून काढून तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटून बसतं. मी चार वर्षं स्पेसर स्वच्छ पंचाने पुसत होते.

एवढं मी फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "घ्या, पैसे वसूल" असं लिहून मोकळी होणार होते. मार्चमध्ये मत बदललं, म्हणून पुढचं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात 196 होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तपासणीला गेले तेव्हा 64. डॉक्टर मॅडमनी पंप हातात घेतला, मागची बाजू बघितली आणि विचारलं, "किती आठवडे झाले?" अकरा. त्यांनी माझ्यासमोर कागदावर मांडलं. 132 गेले. दोन आठवडे सर्दी-तापात धावणं बंद होतं, म्हणजे धावण्याचे 72. टोपणात उडाले ते 6. उरले 54. "हे चोपन्न कुठे गेले?"

मला सांगता येईना. मग एकेक आठवायला लागलं. जिना चढून आल्यावर दोन. फोडणीचा ठसका लागल्यावर दोन. पहाटे चारला जाग आली तेव्हा दोन. धावण्याचे वगळूनही आठवड्यातून अडीच वेळा पंप. मॅडम म्हणाल्या, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा ताब्यात नाही असं आम्ही धरतो. आणि वर्षाकाठी निळ्या पंपाच्या तीन किंवा जास्त डब्या लागणाऱ्यांना मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. माझ्या वेगाने मी त्याच रस्त्यावर होते. रोज घ्यायचा दुसरा पंप मी ऑक्टोबरात बंद केला होता, कारण बरं वाटत होतं. निळा पंप श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो, पण नळ्यांच्या आतली सूज तशीच राहते. सूज उतरवणारं औषध मीच बंद केलेलं.

पंप मध्येच संपू नये म्हणून मी ही खिडकी घेतली. मी किती घेतेय हे तिने मला दाखवलं. फेब्रुवारीत लिहिताना हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

आता औषध बदललंय. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप सकाळ-संध्याकाळ, आणि धावण्याआधी किंवा त्रास झाला तरी तोच. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम करतं आणि प्रत्येक फवाऱ्याबरोबर सुजेवरचं औषधही थोडं जातं. दम्याच्या उपचारांची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांनी 2019 पासून नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं सांगितलंय. मला ते 2019 मध्येच कुणी सांगायला हवं होतं. हा 120 फवाऱ्यांचा आहे, किंमत निळ्याच्या दुपटीहून जास्त. याला खिडकी आहे का, हे मी खोकं उघडायला लावून आधी बघितलं. घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात बुरशी येते. माझ्या एका मैत्रिणीला आली होती. हा डोस माझ्यासाठी ठरवलेला आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसाच सुरू करू नका.

धावण्यात बदल केला तोही मोठा आहे. दम बहुतेक वेळा धावताना नाही, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत लागतो, हे मला पूर्वी कळत नव्हतं. तोंडाने भराभर आत घेतलेली कोरडी हवा नळ्यांचा ओलावा ओढून घेते, त्यातून त्या आक्रसतात. म्हणून सुरुवातीला पंधरा मिनिटं हळू, त्यातच मधूनमधून वीस-तीस सेकंदांची जोरात धाव. एकदा असं शरीर तापवलं की पुढचा तास-दोन तास नळ्या तेवढ्या चटकन आवळत नाहीत. माझ्या बाबतीत याचा गुण औषधाइतका आला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहा बंद, आठनंतर निघायचं आणि नाका-तोंडावर पातळ कापड. निघण्याआधी हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघते. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने उभारलेली 'सफर' सेवा पुण्याची हवा सांगते.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. जुलैपासून मोकळ्या जागेत गाजरगवत फुलतं. 1950च्या दशकात पुण्यात ते आढळल्याची नोंद आहे. त्या पांढऱ्या बारीक फुलांच्या कडेने धावले की दुसऱ्या दिवशी पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायच्या नळीवर, 420 चे 350 होतात. म्हणून ऑगस्टमध्ये टेकडी सोडून डांबरी रस्ता धरला. आमच्यातल्या एकाला वाटतं की धावण्याआधी पंप घेणं म्हणजे लबाडी. उत्तेजकविरोधी जागतिक नियमांत श्वासावाटे घेतलेल्या सालब्युटामॉलला चोवीस तासांत 1600 मायक्रोग्रॅमपर्यंत परवानगी आहे. माझे दोन फवारे 200 चे होते.

आता आईबद्दल. ती मिरजेला असते, एकाहत्तर वर्षांची. दमा मला तिच्याकडूनच आला. "पंप लागला की सुटत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. कुणी घरात असलं की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन पंप ओढायची. मे महिन्यात गेले तेव्हा तिला ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफबद्दल सांगितलं. चौदाव्या वर्षी दम्याचं निदान झालेली ही बाई 2003 मध्ये लंडनला 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मॅरेथॉन धावली आणि तो जागतिक विक्रम 2019 पर्यंत टिकला. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिची आई तिला पंप घेऊ देत असेल." नंतर बराच वेळ माझा हात तिच्या हातात होता.

तिचा निळा पंप मी तपासला. त्याला खिडकी नव्हती आणि कधी आणला ते तिला आठवत नव्हतं. तिला तिच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रोजचा वेगळा पंप दिला आणि निळा फक्त अडीनडीला. निळा मी खिडकीवाला आणून दिला, आणि हा आकडा दर रविवारी मला फोनवर सांगायचा असं ठरवलं. सुरुवातीला आठवड्याला बारा-तेरा कमी व्हायचे. मग सात, मग तीन.

काल रविवार होता. मी धावून येऊन पाय धूत होते तेवढ्यात फोन वाजला. "एकशे चौदा," आई म्हणाली, "आणि मागच्या रविवारी पण एकशे चौदाच होते बघ."