जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब, की पट्टीसकट नवी बॅटन?

आमच्या घरातली शेवटची चोकवाली ट्यूब गेल्या दिवाळीच्या साफसफाईत उतरली. पुण्यातली १९९४ सालची इमारत, प्रत्येक खोलीत ट्यूब बसवायला बिल्डरने लावून दिलेली चार फुटी पत्र्याची पट्टी. एकेक ट्यूब जात गेली तसतशी दोन ठिकाणी पट्टी काढून एलईडी बॅटन, म्हणजे पट्टी आणि दिवा एकाच तुकड्यात असलेला तयार दिवा, लावली आणि तीन ठिकाणी पट्टी तशीच ठेवून तिच्यात एलईडी ट्यूब बसवली. यात योजना वगैरे काही नव्हती, त्या त्या दिवशी दुकानदार जे म्हणाला ते घेतलं. पण त्यामुळे पाच-सहा वर्षं दोन्ही प्रकार एकाच घरात नांदले, आणि आता सोसायटीत कुणाची ट्यूब फडफडायला लागली की लोक मला विचारतात. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगून टाकतो. दुसरी बाजू खोटी पाडायची इच्छा मात्र नाही.

'आहे तीच ट्यूब चालू ठेवू' हा तिसरा पर्याय काहींच्या मनात असतो. तो आता फार काळ टिकणारा नाही. ट्यूबमध्ये थोडा का होईना पारा असतो, आणि पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ सालच्या जिनिव्हातल्या बैठकीत ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात टप्प्याटप्प्याने २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं आहे. आपला देश २०१८ पासून त्या करारात आहे. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, अजून ट्यूब मिळते, पण स्टार्टर मागितला की दुकानदार आधी माझ्याकडे बघतो आणि मग आतल्या खोलीत शोधायला जातो. बिलाचं म्हणाल तर जुनी ट्यूब चोकसकट पन्नासेक वॅट खाते, एलईडी वीसमध्ये भागवते. रोज सहा तास लागत असेल तर एका ट्यूबमागे महिन्याला पाचेक युनिटचा फरक पडतो. बॅटन घ्या की ट्यूब घ्या, ही बचत दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे निवड काही बिलावरून ठरत नाही.

दिसायला बॅटन उजवी आहे, यात वाद नाही. सडपातळ, पांढरीशुभ्र, भिंतीला चिकटून बसते. हॉलमध्ये लावली तेव्हा रंग दिल्यासारखी भिंत वाटायला लागली. जुन्या पट्टीच्या मागे पालीचं बिऱ्हाड असायचं, ते उठलं. आईच्या दृष्टीने एवढ्या एका कारणासाठी बॅटनला पूर्ण गुण. पट्टीत बसवलेली एलईडी ट्यूब म्हणजे जुन्या फ्रेममध्ये नवा फोटो. पट्टीचा पिवळटलेला रंग, कडेचा गंज, सगळं तसंच राहतं. ज्यांनी नुकतंच फॉल्स सीलिंग वगैरे केलं आहे त्यांनी पट्टीचा विचारही करू नये.

उजेडाच्या बाबतीत मी जरा अडखळतो. पाकिटावरचे आकडे जवळपास सारखे असतात, पण उजेड पडतो वेगळा. बॅटन भिंतीला टेकलेली असल्यामुळे सगळा उजेड समोर फेकते. स्वयंपाकघरात ती लावल्यावर बॅटनच्या वरची भिंत आणि माळ्याची कड अंधारात गेली. काचेची एलईडी ट्यूब पट्टीपासून थोडी सुटी असते, काच दुधी असते, त्यामुळे उजेड वर आणि बाजूलाही सांडतो. जुन्या ट्यूबच्या उजेडाची सवय असलेल्या डोळ्यांना तो ओळखीचा वाटतो. हा माझ्या डोळ्यांचा हिशोब, मीटर लावून काही मोजलेलं नाही. विकत घेताना मात्र एक करा: दुकानात ती लावायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती बारीक फडफडते आहे. एरवी डोळ्यांना ते कळत नाही, पण रात्री तासभर वाचलं की कपाळात कळतं. असा माल दोन्ही प्रकारांत सापडतो.

बटण बंद केल्यावरही अंधारात मंद उजळत राहणं हा दोषही दोघांत सारखाच आहे. त्यात बहुतेक वेळा दिव्याची चूक नसते. बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) जोडलेलं असतं, नाहीतर बटणावर तो चिमुकला लाल इंडिकेटर असतो. आमच्या बेडरूममध्ये पहिलं कारण निघालं. तीस वर्षं ते बटण उलटं होतं आणि चोकवाल्या ट्यूबने कधी चुगली केली नव्हती.

आता माझं मन ज्यामुळे फिरलं ते सांगतो.

स्वयंपाकघरातली बॅटन सव्वादोन वर्षांत गेली. वॉरंटी दोन वर्षांची. आधी चार दिवस लुकलुकली, मग संध्याकाळी कुकरची शिट्टी व्हायच्या आधी विझली. आतले एलईडी बहुतेक शाबूत असणार. सहसा मरतो तो टोकाला बसवलेला ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना लागते तशी वीज पुरवणारं छोटं सर्किट. म्हटलं उघडून बघू. टोकाच्या टोपीला स्क्रूच नाही, ती चिकटवलेली. चाकूचं टोक घालून उचकटली तर तिचे दोन तुकडे झाले. वायरमनला फोन केला, तो 'आलोच' म्हणाला, आणि त्या 'आलोच'चे तीन दिवस झाले. आला तेव्हा माझी करामत पाहून म्हणाला, "साहेब, ड्रायव्हर टाकून देतो, पण त्याची किंमत आणि माझी मजुरी धरली तर नवीनच येईल." हिशोब बरोबर होता. नवीन आणली. त्याच कंपनीची, तेवढ्याच वॅटची, पण दोन वर्षांत मॉडेल बदललेलं.

तर नव्या बॅटनचे क्लिप जुन्या जागी बसेनात. जुनीची वायर पाठीतून, मधोमध निघत होती, नवीची टोकातून. म्हणजे क्लिपांसाठी नवी भोकं आणि भिंतीवरून दोन फूट उघडी वायर. वायरमनने ड्रिल लावलं, गिलावा जुना, भोक बोटाएवढं झालं, त्यात गिट्टी फिरायला लागली. शेवटी गिट्टीशेजारी काडेपेटीच्या दोन काड्या ठोकून स्क्रू आवळला. पट्टीची दोन, पहिल्या बॅटनची दोन, आणि ही नवी दोन, अशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका ओळीत सहा भोकं झाली. मी व्हाइट सिमेंट भरून त्यांच्यावर रंग लावला, तर तो पांढरा भिंतीच्या पांढऱ्याशी जुळेना. ओट्यापाशी उभं राहून चहा ढवळताना समोर तेच दिसायचं. दिवा बदलायला भिंत का फोडावी लागते, हा प्रश्न मला दोन वर्षं रोज सकाळी पडत होता.

त्या तीन दिवसांत आम्ही पॅसेजच्या उजेडात स्वयंपाक उरकत होतो. पहिल्या संध्याकाळी आईने तिचा दिवाळीतला दिवा ओट्याच्या कडेला आणून ठेवला. काचेचा जाड ग्लास, पाऊण पाणी, पाण्यावर बोटभर तेल, आणि कॉर्कच्या पातळ चकतीत पत्र्याचा तुकडा अडकवून त्यातून ओवलेली वात. चकती तेलावर तरंगते, ज्योत तेलाबरोबर खाली येते, आणि तेल संपलं की वातीला पाणी लागून दिवा चर्र करून आपोआप विझतो. वात ओवायला मात्र हात सरावलेला लागतो. जाड ओवली तर धूर, बारीक ओवली तर ज्योत बुडते. मी केलेले दोन आधी बुडालेच आहेत. मी बॅटनला आणि वायरमनला आलटून-पालटून बोल लावत होतो, तर आई तेल घालता घालता म्हणाली, "हा ग्लास माझ्या लग्नातला आहे. तेल संपलं तर तेल घालते, वात जळली तर वात बदलते. ग्लास कोण फेकतं का?"

माझी ट्यूब तिथे पेटली, उशिरा का होईना.

पट्टीचा खरा फायदा हा आहे. चार फुटी ट्यूबची लांबी आणि तिच्या दोन पिनांमधलं अंतर कित्येक दशकं बदललेलं नाही. चाळीस वॅटची जाडी ट्यूब गेली, छत्तीसची बारीक आली, आता एलईडी आली, होल्डर तेच. कुठल्याही कंपनीची, कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानातली ट्यूब तिथे बसते. स्टूलवर चढायचं, जुनी पाव फेरा फिरवून काढायची, नवी तशीच लावायची. बेडरूममधली एलईडी ट्यूब चौथ्या वर्षी गेली तेव्हा रात्री साडेआठला जाऊन आणली आणि नऊच्या आत उजेड झाला. ड्रिल नाही, वायरमन नाही. ते होल्डर मात्र एकदा तपासून घ्या. तीस वर्षं उन्हाळे काढलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, ट्यूब फिरवताना कड तुटते. मी तीनही पट्ट्यांचे होल्डर बदलले, किरकोळ खर्च आला.

आता पट्टीच्या बाजूचा खडा, कारण तो दाताखाली येणारच. एलईडी ट्यूब दोन जातींच्या मिळतात. एकीत फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांवर असतात, दुसरं टोक नुसतं आधाराला. दुसरीत एका टोकाला फेज, दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. पाकिटावर आकृती असते, पण ती मुंगीच्या अक्षरांत. मी पट्टी पहिल्या जातीसाठी जोडून घेतली होती आणि नंतर घाईत दुसऱ्या जातीची ट्यूब आणली. तिच्या एका टोकाच्या दोन्ही पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. बटण दाबलं, फट् आवाज झाला, एमसीबी (मीटरपाशी असतो तो फ्यूजसारखा आपोआप पडणारा स्विच) पडला आणि बायकोने बेडरूममधून फक्त माझं नाव घेतलं. बॅटनमध्ये ही भानगड नाही, दोन वायरी आणि काम संपलं. ज्यांना हे असले उद्योग नको वाटतात त्यांच्यासाठी हा बॅटनचा मोठा गुण आहे, मी तो नाकारत नाही.

त्याला माझा तोडगा असा: वायरमनकडून एकदाच चोक आणि स्टार्टर बाद करून घ्या, घरातल्या सगळ्या पट्ट्या एकाच पद्धतीने जोडून घ्या आणि पुढे तीच जात आणत जा. प्रत्येक पट्टीवर मी पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून मार्करने लिहिलं आहे, 'फक्त एलईडी. सप्लाय डावीकडे.' यातलं 'फक्त एलईडी' महत्त्वाचं. अशा पट्टीत कुणी चुकून जुनी पाऱ्याची ट्यूब लावली तर तिच्या तारेवर थेट मेनचा दाब येतो आणि ती जागीच जळते. आणि ट्यूब बदलताना नुसतं बटण नव्हे, एमसीबीच पाडा. दोन टोकांच्या जातीत एक टोक बसलेलं असताना दुसऱ्या टोकाची पिन झटका देऊ शकते, आणि आमच्या बेडरूमसारखं बटण न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करून काहीच साधत नाही.

उतरवलेल्या मालाचंही दोन ओळींत. तांब्याच्या तारेचा जुना चोक भंगारवाला हसत घेऊन जातो. पाऱ्याची ट्यूब तो घेत नाही, आणि ती फोडून कचऱ्यात टाकू नये. ई-कचऱ्याच्या नियमांत ती येते, संकलन करणाऱ्यांकडे अखंड द्यावी. मेलेली बॅटन मात्र धड कुणालाच नको असते. माझ्या दोन अजून माळ्यावर आहेत.

भाड्याच्या घरात राहत असाल, पट्टी आधीच कुणी काढून नेली असेल, किंवा घरात नवीन रंगकाम निघालं असेल, तर खुशाल बॅटन घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी अर्धा तास पट्टीचं महत्त्व सांगितलं. काकू म्हणाल्या, "ते सगळं खरं, पण ती पाल?" आणि काकांनी बॅटन घेतल्या. त्यांना एवढंच सुचवलं की चार हव्या असतील तर एकाच मॉडेलच्या पाच घ्या आणि पाचवी खोक्यासकट माळ्यावर ठेवा, म्हणजे क्लिप तरी तेच राहतील. आमच्या हॉलमधली बॅटनही अजून आहे, चांगली चालते आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

स्वयंपाकघरातली दुसरी बॅटन गेल्या दिवाळीच्या आधी लुकलुकायला लागली. या वेळी वायरमनला बोलावलं, पण ड्रिल आणायचं नाही असं बजावून. १९९४ची पट्टी भंगारात दिली नव्हती, ती माळ्यावरून काढली, घासली, होल्डर नवे टाकले. तिची मूळची दोन भोकं व्हाइट सिमेंटखाली बुजली होती. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती मोकळी केली आणि जुनेच स्क्रू लावले. पहिल्या फेऱ्यात बसले.