एपॉक्सी ग्राउटचा १ किलोचा पॅक: माल चांगला, पण घाई करायला लावणारा

बाथरूमच्या टाइल्समधल्या फटी स्वतःच भरायच्या असतील, तर रेझिन (राळ), हार्डनर (ती घट्ट करणारं द्रव्य) आणि फिलर (बारीक भुकटी) असा हा तीन भागांचा पॅक सिमेंट ग्राउटपेक्षा महाग असूनही घ्यावा. पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे लवकर काळा पडत नाही. खरी मेहनत मिश्रणाआधीची आहे. जुनं ग्राउट किमान ३ मिमी खोल खरवडा; वरवर लेप दिला तर पापुद्रे सुटतात. फटी पूर्ण कोरड्या हव्यात.

आधी रेझिन-हार्डनर एकजीव करा, मग फिलर घाला. प्रमाण अंदाजाने घेतलं तर ग्राउट चिकटच राहतं, म्हणून अर्धाच पॅक कालवायचा असेल तर वजनकाटा लागतोच. उन्हाळ्यात मिश्रण भराभर ताठरतं. रबरी पट्टी फटीला तिरकी ओढा, पाठोपाठ ओल्या स्पंजने पुसा. राहिलेला धूसर थर दुसऱ्या दिवशी निघता निघत नाही, खरखरीत मॅट टाइलवर तर विचारूच नका. हातमोजे सक्तीचे.

पांढरा रंग खिडकीच्या उन्हात पिवळसर पडतो, राखाडी बरा. भिंत-फरशीच्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉनच भरा, कारण तिथे हालचाल होऊन कडक ग्राउट तडकतं. खालच्या मजल्यावर गळती असेल, तर हा पॅक त्यावरचा उपाय नाही.